गुळाच्या हंगामात पेनड्राइव्हवरून बँक: मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानाचं प्रकरण

कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डातलं एक जुनं अडत दुकान. मालकांना विचारूनच लिहितोय, फक्त ओळख पटेल असे तपशील गाळलेत. दिवाळी पाडव्याला मुहूर्ताचे सौदे झाले की पुढचे चार-पाच महिने या दुकानात कुणाला मान वर करायला फुरसत नसते. सकाळी सौदा, दुपारी पट्ट्या, म्हणजे शेतकऱ्यांच्या विक्रीच्या हिशोबाचे कागद, संध्याकाळी शेतकऱ्यांच्या खात्यावर पैसे. बराचसा माल गुजरातला जातो. तिकडच्या व्यापाऱ्यांशी बोलणं फोनवर होतं, बिलं मात्र ईमेलने जातात.

हा सगळा कारभार गल्ल्यामागच्या एकाच कॉम्प्युटरवर चालायचा. दिवसा दिवाणजी त्यावर टॅली आणि नेटबँकिंग करायचे. रात्री मालकांचा पुतण्या त्याच कॉम्प्युटरवर एक किलोच्या गूळबॉक्सची लेबलं डिझाइन करायचा, आणि मधल्या वेळात काय काय करायचा ते त्यालाच ठाऊक. विंडोज १०, चार जीबी रॅम. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज १० ला नेहमीचे सुरक्षा अपडेट देणं थांबवलं आणि त्यानंतर आठच दिवसांत मुहूर्ताचे सौदे आले. त्या गडबडीत कॉम्प्युटर बदलायचा विषय कुणी काढला नाही, यात नवल नाही.

हंगाम ऐन भरात असताना राजकोटच्या एका व्यापाऱ्याचा मालकांना फोन आला: "शेठ, बँक बदलली का तुम्ही?" त्याला दुकानाच्या खऱ्या ईमेल पत्त्यावरून पत्र गेलं होतं. ऑडिटमुळे जुनं खातं तात्पुरतं बंद आहे, या बिलाचे पैसे सोबतच्या खात्यावर पाठवा. खाली दुकानाचंच लेटरहेड, बिल नंबर बरोबर, रक्कमही बरोबर. शंका आली ती भाषेमुळे. आमचे मालक मेलमध्ये "शेठ बिल भेजा है, देख लेना" यापलीकडे कधी गेले नाहीत, आणि हे पत्र चोख, गुळगुळीत इंग्रजीत होतं. व्यापाऱ्याने पैसे थांबवून फोन केला म्हणून मोठी रक्कम वाचली.

मला बोलावलं तेव्हा पुतण्याने ईमेलचा पासवर्ड दोनदा बदललेला होता, त्याच कॉम्प्युटरवर बसून. आणि दुसऱ्या दिवशी आणखी एका व्यापाऱ्याला तसंच पत्र गेलं.

या प्रकरणातली कळीची गोष्ट हीच. घरात चोर लपलेला असताना त्याच्या डोळ्यांदेखत कुलूप बदललं तर किल्ली त्याच्याही हातात जाते.

नेमकं काय झालं होतं

पुतण्याने डिझाइनचं महागडं सॉफ्टवेअर पैसे न भरता, "क्रॅक" करून घेतलं होतं. सोबतच्या सूचनांत पहिलीच ओळ होती, अँटिव्हायरस बंद करा. त्याने केला. अशा फायलींसोबत येणाऱ्या एका जातीच्या व्हायरसला इन्फोस्टीलर म्हणतात. तो पडद्यावर काही दाखवत नाही, फायली कुलूपबंद करून खंडणीही मागत नाही. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि कुकीज उचलून बाहेर पाठवतो. बरेचसे एवढं करून स्वतःला पुसून टाकतात. काही ठाण मांडून बसतात आणि नवीन टाइप केलेलंही पाठवत राहतात. दोनदा बदललेला पासवर्ड बाहेर गेला त्यावरून इथला ठाण मांडणाऱ्यांतला असणार, असं मी धरून चाललो.

कुकी चोरीला जाणं पासवर्ड जाण्याहून वाईट. तुम्ही ईमेलमध्ये एकदा शिरलात, मोबाइलवर आलेला कोडही टाकला, की ती सेवा ब्राउझरला एक चिठ्ठी देते: हा माणूस ओळखीचा आहे, याला परत विचारू नका. ती चिठ्ठी दुसऱ्या कॉम्प्युटरवर नेली तर तिथेही कोड विचारला जात नाही. ईमेलची चिठ्ठी कित्येक महिने चालते. बँकेची काही मिनिटांत मरते, शिवाय पैसे पाठवताना ओटीपी मालकांच्या मोबाइलवर जातो. म्हणून चोराने बँकेच्या नादाला न लागता ईमेल धरला आणि पैसे दुसऱ्याच्या हाताने काढायचा बेत केला.

या दोन चोऱ्यांत कायद्याच्या अंगानेही फरक आहे, आणि तो व्यापाऱ्यांना सहसा माहीत नसतो. खातेदाराला न विचारता खात्यातून पैसे गेले, चूक ना त्याची ना बँकेची, आणि त्याने तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवलं, तर रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने घालून दिलेल्या नियमाप्रमाणे नुकसान त्याच्या माथी येत नाही. पण राजकोटच्या शेठने स्वतः बसून, स्वतःचा ओटीपी टाकून भलत्या खात्यावर पैसे पाठवले असते, तर तो व्यवहार त्याचाच धरला गेला असता. मग १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करून पैसे वाटेत गोठवले जातात का, एवढीच आशा उरते.

आधी साफसफाई, पण कुठून?

फॉरमॅट मारा, असं कुणीही सांगेल. मीही एरवी तेच सांगितलं असतं. पण टॅलीचा डेटा, जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, वजनकाट्याचं कॉम्प्युटरला जोडलेलं काहीतरी जे बसवणारा माणूस आता पुण्यात असतो, हे सगळं नीट परत बसवायला ऐन हंगामात दुकान बंद ठेवावं लागलं असतं. शेतकरी पट्टी घेऊन दारात उभा असताना "कॉम्प्युटर फॉरमॅटला दिलाय" हे उत्तर मार्केट यार्डात चालत नाही.

दुसरा पर्याय, बँकेसाठी वेगळा लॅपटॉप. उत्तम पर्याय, मालकांना परवडणाराही. पण या दुकानात नवा लॅपटॉप आला असता तर तो पहिल्या रविवारी पुतण्याच्या मांडीवर दिसला असता, हे दिवाणजींनीच मला बाजूला घेऊन सांगितलं. तिसरा, सगळं मोबाइलवरून. एकेक शेतकऱ्याला पैसे पाठवायला ठीक, पण इथे संध्याकाळी पूर्ण यादीची फाइल एकदम चढवायची असते.

चौथा पर्याय मी सुचवला. कॉम्प्युटर तोच, हार्ड डिस्कही तीच, पण बँक आणि ईमेलचं काम करताना विंडोज चालूच करायचं नाही. पेनड्राइव्हवर अख्खी ऑपरेटिंग सिस्टिम असते, तीवरून कॉम्प्युटर सुरू करायचा. हिला लाइव्ह सिस्टिम म्हणतात. पेनड्राइव्हवरची मूळ प्रत फक्त वाचली जाते, चालू असताना होणारे सगळे बदल रॅममध्ये, म्हणजे वीज असेपर्यंतच टिकणाऱ्या तात्पुरत्या स्मृतीत राहतात. बंद केलं की रॅम रिकामी, आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्या दिवसाची कोरी सिस्टिम. विंडोजमध्ये दडून बसलेला व्हायरस डिस्कवर असतो तिथेच असतो, पण विंडोज सुरूच न झाल्याने त्याला उठवणारं कुणी नसतं.

कल्पना नवी नाही. जर्मनीच्या क्लाउस क्नॉपर यांनी २००० साली क्नॉपिक्स काढली. ती लिनक्सवर, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या फुकटच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर उभी होती आणि सीडीवरून थेट चालायची. २००९ मध्ये अमेरिकेत छोट्या धंदेवाल्यांची बँकखाती व्हायरसने धुऊन निघत होती, तेव्हा सायबर गुन्ह्यांवर लिहिणारे पत्रकार ब्रायन क्रेब्स यांनी त्यांना हाच सल्ला दिला होता: बँकेचं काम लाइव्ह सीडीवरून करा. तेव्हाचं कारण आजही तसंच आहे. एखादा कॉम्प्युटर स्वच्छ आहे हे सिद्ध करणं फार अवघड, दरवेळी स्वच्छ जागेवरून सुरुवात करणं त्यामानाने सोपं.

कोणती सिस्टिम

पुतण्या हुशार आहे, त्याने लगेच टेल्सचं नाव काढलं. टेल्स ही २००९ पासूनची लाइव्ह सिस्टिम, डेबियन या लिनक्सच्या प्रकारावर उभी, आणि तिचं सगळं इंटरनेट टॉर जाळ्यातून, म्हणजे जगभरच्या कॉम्प्युटरांवरून फिरून, मूळ ठिकाण लपवून जातं. पत्रकार, चळवळीतली माणसं, ज्यांना आपण कोण आणि कुठून बोलतोय हे लपवायचंय, त्यांच्यासाठी ती आहे. आपलं काम नेमकं उलटं. बँकेला आपली ओळख पटायला हवी. टॉरमधून गेलं की बँकेला दिसतं, कोल्हापूरचा अडत्या आज जर्मनीतून लॉगिन करतोय, आणि खातं लॉक होण्याचीच शक्यता जास्त. सुरक्षित आणि अनामिक या दोन वेगळ्या गरजा आहेत. त्यांची गल्लत मी बऱ्याच शिकलेल्या लोकांतही बघतो.

लिनक्स मिंट निवडली, २२ मालिकेतली. चार जीबी रॅममध्ये बरी चालते, फायरफॉक्स हा ब्राउझर आणि याद्या-कागद उघडणारं लिब्रेऑफिस आधीच असतात, खालची पट्टी आणि मेनू विंडोजसारखे दिसतात म्हणून दिवाणजी दचकत नाहीत. सिक्युअर बूट, म्हणजे अनोळखी सिस्टिम सुरू होऊ न देणारा कॉम्प्युटरमधला पहारा, बंद करायची गरज पडत नाही, हा आणखी एक फायदा. ज्यांच्या नव्या लॅपटॉपवर बिटलॉकर हे डिस्कचं विंडोजमधलं कुलूप चालू आहे त्यांनी मात्र बूटच्या सेटिंगला हात लावण्याआधी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवावी, नाहीतर विंडोज परत उघडताना ती मागून बसेल.

पेनड्राइव्ह दुकानातल्या कॉम्प्युटरवर बनवला नाही, माझ्या लॅपटॉपवर बनवला. हे सांगायची वेळ येऊ नये, पण येते. आयएसओ, म्हणजे अख्ख्या सिस्टिमची एकच फाइल, उतरवली, तिचा एसएचए-२५६ आकडा (फाइलचा जणू अंगठ्याचा ठसा) जुळवला, आणि आकड्यांच्या यादीवरची मिंटची डिजिटल सहीसुद्धा तपासली. शेवटच्या पायरीचा लोकांना कंटाळा येतो. तिचं कारण मिंटच्याच इतिहासात आहे. २० फेब्रुवारी २०१६ ला हल्लेखोर मिंटच्या संकेतस्थळात शिरले आणि १७.३ सिनॅमन आवृत्तीची लिंक फिरवून चोरदरवाजा असलेली आयएसओ लोकांच्या गळ्यात मारली. ज्याला लिंक फिरवता येते त्याला शेजारी छापलेला आकडाही फिरवता येतो. सही फिरवता येत नाही.

पहिला वापर

बँकेच्या आधी ईमेल. कॉम्प्युटर पूर्ण बंद केला, पेनड्राइव्ह लावला, सुरू होताना एफ १२ दाबून त्यावरून बूट केलं. त्याआधी मागचे पोर्ट हात घालून बघितले, कीबोर्डच्या वायरीत मध्येच काही जोडलंय का म्हणून. असं उपकरण बसवलेलं असेल तर कोणतीही लाइव्ह सिस्टिम वाचवू शकत नाही, कारण ते विंडोजच्याही बाहेर, वायरीत बसून टाइप केलेलं टिपतं.

पासवर्ड बदलला. त्याहून महत्त्वाचं, "सगळ्या उपकरणांतून लॉगआउट" केलं. चोराच्या हातातल्या चिठ्ठ्या त्याच क्षणी रद्द झाल्या. मग सेटिंगमधले फिल्टर उघडले आणि तिथे पुतण्याचा चेहरा उतरला. एक फिल्टर होता: ज्या पत्रात "पेमेंट", "अकाउंट" किंवा "एनईएफटी" असे इंग्रजी शब्द असतील ते इनबॉक्समध्ये न दाखवता थेट कचऱ्यात टाका. म्हणजे एखाद्या व्यापाऱ्याने फोनऐवजी मेलवर विचारलं असतं, "खातं बदललं का?", तर तो प्रश्न मालकांना कधी दिसलाच नसता. वर चोराने त्याला दुकानाच्या नावाने उत्तरही दिलं असतं. फिल्टर पुसला, मेल दुसरीकडे पाठवायचा पत्ता टाकलाय का बघितलं, रिकव्हरीचा मोबाइल नंबर तपासला.

नेटबँकिंगचा पासवर्डही तिथूनच बदलला, कारण तो दिवाणजींनी ब्राउझरमध्ये साठवलेला होता. संध्याकाळपर्यंत मालकांनी सगळ्या व्यापाऱ्यांना फोन केले. खातं तेच आहे, बदललं तर मी स्वतः फोन करीन, मेलवर विश्वास ठेवू नका. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रारही नोंदवली, पैसे गेले नव्हते तरी. त्या पत्रातलं खातं कुणाचं तरी आहे, आणि ते दुसऱ्या कुणाच्या तरी पैशाची वाट बघत होतं.

दिवाणजी आणि रोजचा रिवाज

तंत्र एका दुपारी बसलं. माणूस बसायला वेळ लागला, आणि या प्रकरणातलं खरं काम तेच होतं.

दिवाणजींचं वय साठीच्या पुढे. हिशोब तोंडपाठ, कॉम्प्युटर जेवढ्यास तेवढा. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "म्हंजे हे रोज परत नवीन हुणार? मग कालचं काम कुठं गेलं?" मालक म्हणाले, "कालचं काम बँकेत गेलं, दिवाणजी. हितं कशाला पायजे ते?" यापेक्षा सोप्या शब्दांत मलाही सांगता आलं नसतं.

पण कोऱ्या सिस्टिमचा एक तोटा मला आधीच खटकत होता, आणि दुसऱ्याच दिवशी तो समोर आला. ब्राउझरमध्ये बुकमार्क नसतात. दिवाणजींनी सवयीने शोधयंत्रात बँकेचं नाव टाकलं. वरच्या जागा जाहिरातींच्या असतात आणि तिथे नकली पानं घुसवणारे टपूनच बसलेले असतात. स्वच्छ सिस्टिमवरून नकली पानावर जाऊन पासवर्ड दिला तर तो तितक्याच स्वच्छपणे चोरीला जातो. त्यात त्याच सुमाराला बँकांचे पत्ते बदलले होते. रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत डॉट बँक डॉट इन या पत्त्यावर जायला सांगितलं होतं, त्यामुळे दिवाणजींच्या डोक्यातला जुना पत्ता उपयोगाचा नव्हता. तसं हे बदलणं फायद्याचंच, कारण तो शेवट फक्त नोंदणीकृत बँकांनाच मिळतो आणि नकली पान ओळखायला एक खूण हाती येते.

उपाय कागदाचा केला. जाड पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत बँकेचा आणि ईमेलचा पत्ता छापला, लॅमिनेट केला, मॉनिटरच्या खाली चिकटवला. पत्ता बघून टाइप करायचा, शोधायचं नाही. पासवर्ड दिवाणजींच्या छोट्या वहीत, वही तिजोरीत. पासवर्ड कागदावर लिहू नका, असं सगळे सांगतात, पण राजकोटला पत्र पाठवणाऱ्या चोराला मार्केट यार्डातल्या तिजोरीत हात घालता येत नाही.

पुतण्याचं म्हणणं होतं की पेनड्राइव्हवरच थोडी जागा राखून सेटिंग आणि बुकमार्क टिकतील असं करता येतं. येतं. पण जे टिकतं त्यात चुकून आलेली घाणही टिकते. नुसत्या सोयीसाठी मला ते पटलं नाही आणि मी केलं नाही.

वायफायचा पासवर्डही रोज टाकावा लागला असता, म्हणून राउटरपासून टेबलापर्यंत साधी लॅन केबल ओढली. त्या निमित्ताने राउटर बघितला तर बसवल्या दिवसाचा मूळ पासवर्ड तसाच. तो बदलला आणि राउटरचं सॉफ्टवेअर अद्ययावत केलं. लाइव्ह सिस्टिम संकेतस्थळाचा पत्ता राउटरलाच विचारते, तोच फितूर असला तर पंचाईत.

घड्याळाचा घोळ मात्र कुणाच्या ध्यानीमनी नव्हता. लाइव्ह सिस्टिम वापरून दिवाणजी विंडोजमध्ये परतले की दुपारचे तीन वाजलेले असताना तिथे सकाळचे साडेनऊ दिसायचे. लिनक्स कॉम्प्युटरच्या आतल्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं, विंडोज तिथे भारतीय वेळ आहे असं धरून चालतं. मधले साडेपाच तास असे गळतात. विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे त्याच्या सेटिंगच्या वहीत, एक नोंद करून त्यालाही जागतिक वेळ मानायला लावलं आणि प्रश्न मिटला. त्याच हाताने बोर्डावरचा सीआर २०३२ सेलही बदलला. तो मेलेला असला की रात्री मेन स्विच बंद केल्यावर तारीख कित्येक वर्षं मागे जाते, आणि मग ब्राउझर प्रत्येक संकेतस्थळाचं प्रमाणपत्र खोटं ठरवतो.

फाइल कुठून येते?

सगळ्यात जास्त डोकं इथे लागलं. शेतकऱ्यांच्या पैशांची यादी टॅलीतून निघते, म्हणजे विंडोजमधून, म्हणजे ज्या कॉम्प्युटरवर आपला विश्वास उडालाय तिथून. ती फाइल लाइव्ह सिस्टिममध्ये आणली तर व्हायरस सोबत येईल का? साधी मजकुराची फाइल असते, लिनक्समध्ये ती काही चालवत नाही, त्यामुळे तो धोका नगण्य. खरी भीती वेगळी. यादीतला एखादा खातेक्रमांक विंडोजमध्येच कुणी बदलला असेल तर?

म्हणून फाइलसाठी वेगळा पेनड्राइव्ह ठेवला, आणि बँकेत चढवण्याआधी ती लिब्रेऑफिसमध्ये उघडून कागदाच्या पट्ट्यांशी ताडायची ठरली. प्रत्येक ओळ नाही. एकूण बेरीज, ओळींची संख्या, आणि मोठ्या रकमांच्या खात्यांचे शेवटचे चार आकडे. दिवाणजींना हे काम मनापासून आवडलं, कारण हे त्यांचंच काम होतं. लाल पेनने टिकमार्क करत पट्ट्यांचा गठ्ठा उलटणं त्यांनी जन्मभर केलंय. फाइल चढवली की मंजुरी मालक त्यांच्या मोबाइलवरून देतात. चढवणारा एक आणि मंजूर करणारा दुसरा, ही सोय बँकेच्या व्यापारी खात्यात होतीच, आजवर दोन्ही कामं दिवाणजीच करत होते एवढंच.

बूटचा पेनड्राइव्ह मात्र विंडोज चालू असताना कधीच लावायचा नाही. एक तर विंडोजला त्याची रचना उमजत नाही आणि ते विचारतं, "ही डिस्क फॉरमॅट करायची का?" दिवाणजी भिडेखातर होय म्हणणाऱ्यांतले. दुसरं, व्हायरसला त्यावर लिहिता येतं. मूळ प्रत फक्त वाचली जाते ही लाइव्ह सिस्टिमची शिस्त आहे, पेनड्राइव्हचा गुणधर्म नाही. म्हणून बूटच्या पेनड्राइव्हला लाल दोरा बांधून तो तिजोरीत, फाइलचा काळा ड्रॉवरमध्ये.

एक संध्याकाळ

शिस्त एकदा मोडली. यादी चढत असतानाच लाइट गेली, आणि यूपीएसची बॅटरी कधीचीच मेलेली. कॉम्प्युटर बंद, रॅम रिकामी, समोर कोरा पडदा. यादी गेली की नाही? परत चढवली तर शेतकऱ्यांना दुप्पट पैसे जातील का? लाइट आल्यावर घाबऱ्याघुबऱ्या दिवाणजींनी जे पहिलं सुरू झालं ते उघडलं, म्हणजे विंडोज, आणि तिथूनच बँकेत शिरले. यादी मंजुरीसाठी थांबलेली दिसली, त्यांचा जीव भांड्यात पडला, आणि मग त्यांना काय केलं ते उमगलं. त्यांनी स्वतःहून फोन केला, हे मला फार मोलाचं वाटतं. लपवलं असतं तर कुणाला कळलं नसतं. त्याच रात्री पेनड्राइव्हवरून बूट करून पासवर्ड बदलला. दुसऱ्या दिवशी यूपीएसला नवी बॅटरी आली, आणि पुठ्ठ्यावर एक ओळ वाढली: शंका आली तर मालकांच्या मोबाइलवर बघा, विंडोजमध्ये नाही.

जे पेनड्राइव्हच्या हातात नाही

ओटीपी येतो मालकांच्या मोबाइलवर, आणि मोबाइल हे वेगळंच संस्थान. लग्नपत्रिका, वाहतुकीचं चलन, सरकारी योजनेचा हप्ता, अशा नावांनी व्हॉट्सॲपवर एपीके, म्हणजे अँड्रॉइड ॲप बसवणाऱ्या, फायली फिरतात. उघडून बसवली की ती मेसेज वाचायची परवानगी मागते आणि ओटीपी परस्पर पुढे जातो. मालकांच्या फोनमध्ये अनोळखी ठिकाणची ॲप बसवायची परवानगी बंद केली आणि मेसेज वाचायची मुभा कोणकोणत्या ॲपला आहे ते तपासलं. एका टॉर्चच्या ॲपला होती. कशाला, ते टॉर्चलाच ठाऊक.

फोनवरून "बँकेतून बोलतोय" म्हणणाऱ्याला दिलेला ओटीपी, भलत्या पत्रावर विश्वास ठेवून पाठवलेले पैसे, यातलं काहीही लाइव्ह सिस्टिम अडवत नाही. राजकोटचे पैसे वाचवले ते एका माणसाच्या फोनने.

ब्राउझर शिळा होणं ही दुसरी अडचण. फायरफॉक्सची नवी आवृत्ती साधारण दर चार आठवड्यांनी येते, त्यात सुरक्षेच्या दुरुस्त्या असतात, आणि पेनड्राइव्हवरची प्रत मात्र बनवल्या दिवशीचीच राहते. लाइव्ह सिस्टिम चालू असताना फायरफॉक्स अद्ययावत करता येतं, ते रॅममध्ये बसतं, पण ते दिवाणजींकडून रोज होणं नाही. त्यामुळे दर काही महिन्यांनी ताज्या आयएसओवरून पेनड्राइव्ह नव्याने लिहायचा आणि मधल्या काळात या सिस्टिमवर बँक आणि ईमेल सोडून तिसरं संकेतस्थळ उघडायचं नाही, असं ठरलं.

हंगामानंतर

होळीनंतर आवक मंदावली तेव्हा टॅलीसाठी नवा कॉम्प्युटर घेतला. डेटा तपासून त्यावर नेला, प्रोग्रॅम सगळे मूळ ठिकाणाहून नव्याने बसवले. पुतण्याला जुनापाना लॅपटॉप मिळाला, त्यावर तो आता फुकटच्या इंकस्केपमध्ये लेबलं करतो आणि कुरकुरतो. जुन्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क मी काढूनच घेतली. तो आता फक्त लाल दोऱ्याच्या पेनड्राइव्हवर चालतो, बँक आणि ईमेल एवढ्यापुरता. डिस्कच नसल्यामुळे लाइट गेल्यावर घाईत विंडोज उघडायचा मार्गही बंद. नव्या आयएसओची सही तपासून पेनड्राइव्ह लिहायचं काम पुतण्याने शिकून घेतलंय.

शेजारच्या गाळ्यातल्या अडत्यांनाही तसाच पेनड्राइव्ह हवा होता. त्यांना दिला. पलीकडच्या वाहतूक ठेकेदाराला नाही दिला. त्याचं निम्मं काम सरकारी निविदांचं, त्याला डिजिटल सहीचा, पेनड्राइव्हसारखा दिसणारा टोकन लागतो, आणि त्याचे ड्रायव्हर, सही करायची उपप्रणाली हे सगळं विंडोज धरून बनवलेलं. लिनक्सवर ते ओढूनताणून चालवता येतं, पण दरवेळी कोऱ्या होणाऱ्या सिस्टिमवर निविदेच्या शेवटच्या तासाला ते बसवत बसणं म्हणजे निविदेवर पाणी सोडणं. त्याला मी वेगळा, साधा, फक्त निविदांपुरता विंडोजचा लॅपटॉप घ्यायला सांगितलं. अजून घेतलेला नाही.